खिसा नसलेल्यांची पर्स

गेल्या पावसाळ्यात उजवा खांदा धरला म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने हात वर करायला लावला, मान वळवायला लावली आणि मग विचारलं, "रोज खांद्याला काय लावता?" घरी आल्यावर मी सामानाच्या वजनाचा हुकवाला काटा काढला. आमच्या धंद्याची सवयच अशी, आधी मोजायचं आणि मग वाद घालायचा. लॅपटॉप १६०० ग्रॅम, चार्जर ३५०, जेवणाचा डबा ६५०, भरलेली बाटली ९००, छत्री ३००, पाऊच २८०, बाकी किरकोळ २२०. रिकामी बॅग ९००. एकूण ५ किलो २०० ग्रॅम.

आता माझ्या शेजारच्या डेस्कवरचा सहकारी. लॅपटॉप त्याच्याकडेही आहे, डबाही आहे. सकाळी येताना आमच्या दोघांच्या ओझ्यात फारसा फरक नसेल. फरक दिसतो तो दुपारी चहाला खाली जाताना. तो खुर्चीवरून उठतो आणि चालू लागतो. फोन एका खिशात, पाकीट दुसऱ्या खिशात, हात मोकळे. मी उठते तेव्हा फोन हातात घेते, कार्डं फोनच्या कव्हरमध्ये कोंबलेली असतात, आणि महिन्यातल्या ठरावीक दिवसांत काखेत एक पाऊच असतो. कुर्त्याला खिसा नाही आणि लेगिंग्जला तर नाहीच. पाच किलोपेक्षा मला हे जास्त सलतं.

आधीच कबूल करते की मला पर्सेस आवडतात. माझ्याकडे सात आहेत, आणि प्रत्येकीबद्दल माझं मत आहे. पण पर्सबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते दोनच सुरांत. एक विनोदी लेखातली बायकोची पर्स, जिच्यात सगळं असतं पण हवं ते सापडत नाही. दुसरा सूर पुरवण्यांचा, कोणत्या साडीवर कोणती क्लच. इमारतीबद्दल किंवा सिनेमाबद्दल आपण जसं बोलतो (हे असं का आहे, कोणासाठी आहे, कुठे फसलंय) तसं पर्सबद्दल बोलत नाही. ती फार बायकी वस्तू आहे म्हणून असेल. म्हणून हा प्रयत्न.

*

आजी नऊवारी नेसायची. तिच्याकडे पर्स नव्हती, कारण तिला ती लागत नव्हती. लुगड्याचा पुढचा घोळ वर खोचला की ओचा तयार व्हायचा. त्यात शेतातल्या शेंगा यायच्या, परसातली फुलं यायची, नातवंडांसाठी खाऊ यायचा. पैसे कनवटीला. पानसुपारीची चंची कमरेला खोवलेली. या चंचीकडे मी आता आदराने पाहते. पान, सुपारी, कात, लवंग, प्रत्येकाला वेगळा कप्पा, गुंडाळून बंद बांधला की मूठभर आकार. आजच्या 'ट्रॅव्हल ऑर्गनायझर' नावाच्या वस्तूंमध्ये इतका नेमका विचार क्वचित दिसतो.

आई सहावारी नेसू लागली आणि ओचा गेला. सहावारीच्या निऱ्या सरळ खाली पडायला हव्यात, त्यात काही भरलं तर नेसण बिघडते. म्हणजे पर्स ही आधुनिकतेची खूण म्हणून आली असं आपण समजतो, पण आमच्या घरात तरी ती कपड्यातली जागा गेली म्हणून आली.

युरोपातही काहीसं असंच घडलेलं आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथल्या बायका कमरेला नाडीने बांधायचे सुटे खिसे वापरत. घेरदार झग्याच्या आत ते लपत आणि झग्याला ठेवलेल्या चिरेतून हात आत जाई. बार्बरा बर्मन आणि एरियान फेनेटो यांनी २०१९ साली या खिशांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं की या खिशांत पैसे, किल्ल्या, शिवणकामाच्या वस्तू, पत्रं असं बाईचं स्वतःचं म्हणून जे काही असेल ते असायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी अंगासरशी पडणाऱ्या पातळ झग्यांची फॅशन आली. आत खिसा बांधला की तो बाहेरून दिसू लागला. मग सामान हातातल्या छोट्या बटव्यात आलं. त्याचं नाव 'रेटिक्यूल', आणि थट्टेखोरांनी लगेच त्याचं 'रिडिक्यूल', म्हणजे हास्यास्पद, असं करून टाकलं. आधी खिसा काढून घ्यायचा आणि मग बाईच्या हातातल्या बटव्याला हसायचं, हा क्रम दोनशे वर्षांपूर्वीही होता.

आता तरी काय बदललंय? २०१८ साली 'द पुडिंग' या डिजिटल प्रकाशनाने अमेरिकेतल्या वीस लोकप्रिय ब्रँडच्या जीन्सचे खिसे चक्क मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड आणि ६.५ टक्के अरुंद निघाले. तो लेख मी ऑफिसातल्या मैत्रिणींना पाठवला तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. माझ्या टेलरकाकांना मी प्रत्येक कुर्त्याला खिसा लावायला सांगते. ते प्रत्येक वेळी म्हणतात, "ताई, शेप बिघडतो." बिघडतो हे खरंच आहे. प्रश्न इतकाच, की मुलग्यांच्या पँटचा शेप बिघडतो अशी काळजी त्यांना कधी वाटत नाही.

पर्सकडे बघण्याची माझी पहिली कसोटी इथून येते. ही वस्तू एका उणिवेतून जन्मली आहे. ती उणीव ती भरून काढते, की त्या उणिवेलाच शोभेची वस्तू करून विकते?

*

या कसोटीवर जगातली सगळ्यात मिरवलेली पर्स लावून पाहू. गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात जेन बर्किन या गायिका-अभिनेत्रीच्या वेताच्या टोपलीतलं सामान सांडलं. शेजारी एर्मेसचे प्रमुख जाँ-लुई द्युमा बसले होते. लहान मुलीच्या आईला पुरेल अशी पर्सच बाजारात मिळत नाही, असं ती म्हणाली आणि विमानातच तिचा कच्चा आराखडा तयार झाला. १९८४पासूनची ही 'बर्किन'.

म्हणजे सुरुवात एका खऱ्याखुऱ्या अडचणीतून झाली. आणि जेन बर्किनने ती पर्स तशीच वापरली. खच्चून भरलेली, तोंड सताड उघडं, वर स्टिकर चिकटवलेले, बंदाला नेलकटर अडकवलेलं. तिच्यासाठी बनवलेली पहिली पर्स तिने १९९४ साली एड्सविरोधी कामाच्या मदतीसाठी लिलावात दिली. तीच पर्स जुलै २०२५मध्ये पॅरिसला पुन्हा लिलावात आली आणि ८६ लाख युरोंना गेली. स्टिकरच्या खुणा आणि नेलकटरसकट.

आज नवी बर्किन घ्यायला दुकानात जाऊन पैसे मोजले की झालं असं नाही. आधी गिऱ्हाईक म्हणून आपली ओळख तयार व्हावी लागते. या पद्धतीवरून कॅलिफोर्नियात २०२४ साली खटलाही भरला गेला. आणि ज्यांच्या हाती ती येते ते तिच्यात फारसं काही भरत नाहीत. फोटोत पाहा, बंद पट्ट्या, ताठ अंग, कोपरात अडकवलेली. ओझं वाहायला केलेली पर्स ओझं वाहणाऱ्या बाईच्या हातात कधी दिसत नाही.

याच्या उलट मला शनेलची २.५५ मनापासून मान्य आहे. नाव फेब्रुवारी १९५५ या तारखेवरून. तिची किंमत माझ्या आवाक्यात नाही आणि तिचे चौकटीचे टाकेही मला फारसे आवडत नाहीत. पण त्या काळच्या प्रतिष्ठित पर्सेस हातात किंवा काखेत धरायच्या असत, आणि कोको शनेलने तिला खांद्यावरून सोडायची साखळी लावली. बाईचे दोन्ही हात मोकळे झाले. आज तुळशीबागेत अडीचशे रुपयांत मिळणाऱ्या साखळीच्या प्रत्येक स्लिंगमध्ये तो विचार पोचलाय. दुकानदाराला शनेलचं नाव माहीत असो वा नसो, डिझाइन यशस्वी झालं ते याला म्हणावं.

*

आता सध्याच्या फॅशनकडे येते. गेल्या आठ-दहा वर्षांत पर्सला दोन विरुद्ध आजार झाले आहेत.

पहिला आजार आक्रसण्याचा. फ्रेंच डिझायनर जाक्मुसची 'शिकितो' इतकी लहान होत गेली की तिच्यात फोन सोडाच, लिपस्टिक जेमतेम मावेल. त्याचा शेवट २०२३ साली झाला. अमेरिकेतल्या 'मिस्चिफ' या कलाकारांच्या गटाने मिठाच्या दाण्याहून लहान पर्स बनवली, सूक्ष्मदर्शकासकट लिलावात ठेवली, आणि ती ६३,७५० डॉलरना विकली गेली. ही थट्टा होती आणि उत्तम होती. पर्समधून उपयोग वजा करत गेलं तर उरतं काय? त्यांचं उत्तर होतं, फक्त ठसा. पण थट्टेची गंमत अशी की बाजार तिला घाबरत नाही, विकत घेतो.

दुसरा आजार उलट्या बाजूचा, गरिबाच्या पिशवीची श्रीमंत नक्कल. २०१७ साली बॅलेन्सियागाने २,१४५ डॉलरची निळी चामडी पिशवी आणली. ती आयकियाच्या ९९ सेंटच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीची जुळी बहीण वाटत होती. पुढे २०२२ साली त्यांनी कचऱ्याच्या पिशवीसारखा पाऊच काढला, किंमत १,७९० डॉलर. यात विनोद आहे, पण तो कोणावर आहे हे पाहावं. ज्याला खरोखर कचऱ्याची पिशवी खांद्यावर टाकून जावं लागतं त्याला तो कळण्याची सोय नाही. विनोद कळण्यासाठी आधी १,७९० डॉलर असावे लागतात.

या दोन्हींच्या मधे 'मोठी पर्स म्हणजे गावंढळपणा' ही एक सूक्ष्म गोष्ट आहे. २०२३मध्ये 'सक्सेशन' मालिकेच्या शेवटच्या पर्वात एक पाहुणी अतिश्रीमंतांच्या पार्टीत बर्बेरीची भलीमोठी चौकड्यांची पर्स घेऊन येते आणि एक पात्र त्या पर्सवरून तिची खिल्ली उडवतं. महाग असूनही ती पर्स चुकीची, कारण तिच्यावरून कळतं की हिला आपलं सामान स्वतः वाहावं लागतं. त्या प्रसंगानंतर 'मूक श्रीमंती'ची चर्चा सुरू झाली. ठसा नको, रंग नको, फक्त उंची चामडं. कौतुक करणाऱ्यांना त्यात साधेपणा दिसला. मला त्यात अधिक कडक पहारा दिसतो. ठसा असलेली पर्स निदान सगळ्यांना वाचता येते. ठसा नसलेली ओळखायला आधीच आत असावं लागतं.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका नावाजलेल्या ब्रँडच्या टोटची 'फर्स्ट कॉपी' घेतली होती. आपल्या बाजारातला हा शब्द किती सुंदर आहे! नक्कल तर आहे, पण पहिली. बाराशे रुपये. टीममध्ये परदेशात राहून आलेली एक जण होती. तिने लिफ्टमध्ये माझ्या पर्सच्या कडेची शिलाई पाहिली, मग माझ्याकडे पाहून छान हसली आणि काहीच बोलली नाही. मी ती पर्स त्या दिवसानंतर ऑफिसला नेली नाही. पर्सला काही झालं नव्हतं, तीन वर्षं टिकली असती. आज विचार करते तेव्हा वाटतं की लाज नकलेची नव्हती. कोणाच्या तरी नजरेत बरी दिसण्यासाठी मी बाराशे रुपये खर्चले होते, आणि त्या नजरेनेच मला ओळखलं होतं. २०२४च्या शेवटी अमेरिकेत वॉलमार्टच्या संकेतस्थळावर बर्किनसारखी दिसणारी स्वस्त पर्स आली. लोकांनी तिला 'वर्किन' नाव दिलं आणि ती उघडपणे, हसत मिरवली. त्या बायकांचा मला हेवा वाटला. नक्कल आहे हे आधीच जाहीर केलं की लिफ्टमधलं ते हसू फुकट जातं.

लबूबूबद्दलही दोन शब्द. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंगने रेखाटलेला, दात विचकणारा हा केसाळ प्राणी गेल्या एक-दोन वर्षांत जगभरच्या पर्सेसना लोंबकळू लागला. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात मी एका दिवशी चार मोजले. त्यातले किती खरे, किती नकली हे विचारलं नाही. लिफ्ट आठवली. पर्सला गोंडे, किल्ल्या, खेळणी अडकवण्याच्या या फॅशनला 'जेन बर्किनसारखी पर्स करणं' असं म्हणतात. यात मला थोडं वाईट वाटतं. तिचं नेलकटर तिथे होतं कारण तिला नखं कापायची असायची. आता पसाराही विकत मिळतो, आणि बंद डब्यातून मिळतो. आत कोणतं खेळणं आहे हे पैसे दिल्यावर कळतं.

*

कापडी टोटचं प्रकरण मला यापेक्षा जवळचं आहे, कारण त्याची मराठी आवृत्ती आपल्याकडे आधीच होऊन गेली आहे. सत्तरच्या दशकातले कार्यकर्ते, कवी, नाटकवाले यांच्या खांद्याला शबनम असायची. बाबांच्या जुन्या फोटोंत आहे. आत पत्रकं, पुस्तक, कदाचित अर्धं सफरचंद. शबनम सामान वाहायची आणि जोडीला सांगायचीही, की हा मनुष्य अमुक बाजूचा. आजची लिटफेस्टची किंवा पुस्तकाच्या दुकानाची टोट तेच करते. मी ती वापरते आणि ती माझ्याबद्दल जे सांगते ते मला आवडतं, हेही मान्य. पिशवी म्हणजे जाहिरात हे ब्रँडवाल्यांनाच लागू आहे अशी समजूत आपण टोटवाल्यांनी करून घेऊ नये.

२०२५च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या दुकानात एका जपानी ब्रँडची पिशवी ४८ डॉलरना दिसली. हिंदी अक्षरांत नमकीनच्या दुकानाची छापील जाहिरात असलेला, आपल्याकडे खरेदीसोबत फुकट मिळणारा झोळा. आपण पोट धरून हसलो. त्याच जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि या वेळी आपण हसलो नाही, चिडलो. मीही चिडले. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. ते मी ऑफिसच्या ग्रुपवर मोठ्या तावाने लिहिलं. पुढे प्राडाने चपलांचं मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांसोबत २,००० जोड्या इथेच बनवून घेण्याचं जाहीर केलं, सुमारे ८०० युरोंना एक जोडी.

पण त्या तावात मी माझं कपाट उघडून पाहिलं. एक कोल्हापुरी चप्पल आणि त्याच चामड्याची, वेणी घातलेली एक स्लिंग, पुण्यातल्या प्रदर्शनातून साडेचार हजारांना घेतलेली. स्लिंगच्या अस्तरावर ब्रँडचं नाव होतं, ब्रँडच्या मालकिणीबद्दल चार ओळींचं कार्ड होतं. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि मीही ते विचारलं नव्हतं. मिलानने कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून माझा संताप झाला. पुण्याने ते घेतलं, पण घेताना गावाचं घेतलं, माणसाचं नाही. कातडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या जातींबद्दल आपण काय बोलत आलोय हे आपल्याला ठाऊक आहे. 'वारसा' हा शब्द आल्यावर ती जात सोयीस्करपणे 'कारागीर' होते.

म्हणून अलीकडच्या भारतीय पर्सेसमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'चमार स्टुडिओ'चं काम. सुधीर राजभर या कलाकाराने ते मुंबईत उभं केलं. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांच्या हातचं काम गेलं. त्यांना सोबत घेऊन त्याने पुनर्वापराच्या रबरापासून बॅगा बनवल्या आणि शिवी म्हणून फेकला जाणारा जातीचा शब्दच ब्रँडचं नाव म्हणून लावला. बॅगा सरळ, कमी टाक्यांच्या, जवळजवळ कोऱ्या. ठसा नसल्याने त्या वरवर 'मूक श्रीमंती'सारख्या दिसतील, पण नाव उच्चारलं की गप्प बसता येत नाही. त्या स्वस्त नाहीत, आणि घेणारे बहुतेक माझ्यासारखेच असणार, हा आक्षेप मला खरा वाटतो. तरीही पर्स ही बोलणारी वस्तू असेल, तर निदान हिने एक गैरसोयीचं वाक्य उच्चारलंय.

*

शेवटी पाऊच. पर्सबद्दल लिहिणारे याच्याकडे वळत नाहीत, कारण तो दिसायला नसतो. तो आत असतो.

पाऊचची आजी म्हणजे फणेरपेटी. झाकणाच्या आत आरसा, कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ. पण ती पेटी घर सोडत नसे. सकाळी एकदा वेणी-कुंकू झालं की दिवसाचा प्रश्न मिटायचा. १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली, प्रसाधनं मध्यमवर्गाच्या घरात आली, आणि बायका नोकरीला बाहेर पडू लागल्या तशी ती पेटी आक्रसून पर्समध्ये शिरली. माझा दिवस घर ते घर बारा तासांचा असतो. सकाळचं काजळ दुपारच्या मीटिंगपर्यंत गालावर आलेलं असतं. पाऊच हा नट्टापट्टा नाही, कामाच्या तासांचा हिशेब आहे.

अलीकडे मात्र पाऊचमधल्या वस्तूंना बाहेर यायची घाई झालीय. हेली बीबरच्या 'रोड' या ब्रँडने फोनच्या कव्हरलाच लिपग्लॉस बसायची खोबण केली. 'माझ्या पर्समध्ये काय आहे' या प्रकारचे व्हिडिओ मी तासन्‌तास पाहिलेत. पारदर्शक पाऊच, एका रंगातल्या डब्या, हँडक्रीम, छोटं अत्तर, कविता लिहायची वही. सगळं काढून टेबलावर मांडलं जातं. या प्रकाराची शैली कबुलीची आहे, पण कबूल काहीच केलेलं नसतं. कुणाच्याही पर्समधून सुटे पैसे, भाजीची यादी, ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा मेलेलं पेन निघत नाही. आणि आजवर पाहिलेल्या अशा शे-दीडशे व्हिडिओंत मला एकदाही सॅनिटरी पॅड दिसलेलं नाही.

माझ्या २८० ग्रॅमच्या पाऊचचाही मी तपशील केला. लिपस्टिक, काजळ, छोटी फणी, टिकल्यांचं पाकीट मिळून ७५ ग्रॅम. उरलेलं सगळं म्हणजे पॅड, जादाची अंतर्वस्त्रं, पेनकिलर, ओले टिशू आणि कागदी पिशव्या. पाऊचवर सोनेरी अक्षरांत 'ग्लॅम' असं लिहिलंय. मेडिकलवाला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो, त्याच काळ्या पिशवीची ही गुलाबी, साडेतीनशे रुपयांची आवृत्ती. आमच्या कोडमध्ये आतला कारभार बाहेर दिसू नये याची काळजी घेणं हा चांगला गुण समजतात. बाहेरच्याला कारभार कळायची गरज नसते, म्हणून. पण डेस्कपासून स्वच्छतागृहापर्यंतच्या चाळीस पावलांत पाऊच जे लपवतो ते लपवण्याची गरज कोणाची आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, माझी. माझं आहे, मला नाही दाखवायचं. कधी वाटतं, अजिबात नाही.

मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये कॉलेजातून नुकतीच आलेली एक मुलगी रुजू झाली. एका दुपारी ती डेस्कवरून उठली, बॅगेतून पॅड काढलं आणि हातात धरून शांतपणे चालत गेली. पाऊच नाही, रुमाल नाही. बाजूने दोघं-तिघं मुलगे गेले. एकाने पाहिलं, एकाने पाहिलं नसल्यासारखं केलं. बाकी काही झालं नाही.

हा लेख तेव्हा माझ्या डोक्यात अर्धा लिहून झाला होता. ओचा, बर्किन, शनेल, सगळं. आणि तिला पाहून माझ्या मनात आलेला पहिला विचार होता, अगं, माझा पाऊच तरी न्यायचास. पुढच्या क्षणी मी ओशाळले, पण पहिला विचार तोच होता.

तिच्या पँटला खिसे होते का हे पाहायचं मात्र राहून गेलं. टेलरकाकांकडे गेल्या आठवड्यात दोन कुर्ते टाकलेत, दोन्हींना दोन्ही बाजूंना खिसे. तळहात पूर्ण आत जाईल एवढे खोल, असं कागदावर मापासकट लिहून दिलंय. शेप बिघडला तर बिघडू द्या, असंही.